पाच चाळीसचा चोर

माशाने आपल्याला मुद्दाम झटका दिला, असं चंद्रप्रभाबाई मुजुमदारांचं पहिल्या दिवशी ठाम मत होतं.

मासा दिसायलाही तसाच होता. नारंगी, पोट सुटलेला, चेहरा फाईल दाबून बसलेल्या अधिकाऱ्यासारखा. असे सहा जण एका काचेच्या टाकीत घालून वृंदा, म्हणजे बाईंची मुलगी, नोएडातलं बिऱ्हाड आवरून बंगळुरूला निघून गेली होती. "आई, वर्षभराचा तर प्रश्न आहे. दिवसातून दोनदा चिमूटभर दाणे टाकायचे, बस. पंप, हीटर सगळं आपलं आपण चालतं." मयूर विहारातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आधीच बाईंशिवाय कुणी नव्हतं. टाकी हॉलमध्ये, बरोबर देवघराच्या समोर आली. देवघरावर बाईंच्या दिवंगत यजमानांचा, शशिकांतरावांचा फोटो. तेव्हा मासे सकाळ-संध्याकाळ देवाकडे तोंड करून असत आणि बाईंना ते ढोंग वाटे.

तिसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या भाडेकरीण बाई टाकी बघायला आल्या. दारावरची मुजुमदार ही पाटी वाचून त्यांनी बाईंना बंगाली ठरवलं होतं. "आंटी, इनको कब पकाएँगी?" असं प्रेमाने विचारून त्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या भरल्या वांग्यावर पोसलेल्या घराण्याला ते लागलं. पण माशांनीही ऐकलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी दाणे टाकताना बाईंची बोटं पाण्याला लागली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना, तिथल्या शेजारीण अरुणाबाई सर्व अडचणींवर उपाय सांगत. त्या आता रोहिणीत राहतात, पण उपाय फोनवरून चालू आहेत. "पाटावर उभी राहा गं," त्या म्हणाल्या. "लाकडातून करंट जात नाही." तेव्हापासून बाई रबरी चपला घालून, जेवणाच्या पाटावर उभ्या राहून माशांना दाणे घालू लागल्या. कुणी औक्षण करायचं तेवढं बाकी होतं.

हे दृश्य उघड्या दारातून समोरच्या फ्लॅटमधल्या गुलाटींनी पाहिलं. "भाभीजी, पहले स्विच बंद कर लिया कीजिए, फिर दाना डालिए."

सल्ला साधा होता. पण गुलाटींकडून आला होता. बँकेतून रिटायर झालेला, बावीस वर्षं समोर राहणारा हा गृहस्थ, आपल्या स्विचमध्ये याला रस का? बाईंच्या मनात गुलाटींची एक जुनी फाईलच होती. एक, हा माणूस वरचेवर स्टुलावर चढून जिन्यातल्या दिव्याशी काहीतरी करताना दिसे, आणि बाईंचं दार वाजलं की घाईने खाली उतरे. दोन, जिन्यात माणसाची चाहूल लागली की आपोआप लागणारे नवे दिवे बसवावेत, असा ठराव दरवर्षी सोसायटीच्या सभेत येई, आणि दरवर्षी हा एकटा माणूस उभा राहून त्याला विरोध करी. कारण विचारलं तर म्हणे, "बस, ठीक चल रहा है, चलने दीजिए." ज्याला कारण सांगता येत नाही त्याच्यापाशी कारण नक्की असतं, हा बाईंचा आयुष्यभराचा अनुभव.

तसा बाईंचा विश्वास मोजक्याच गोष्टींवर होता. दुधाची पिशवी त्या तव्यावर थेंब टाकून तपासत, आणि हवामान खात्याने ऊन सांगितलं की छत्री घेत. उलट शशिकांतराव. केंद्र सरकारच्या वजनमापांच्या खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली, आणि ऑफिसची पेन्सिल चुकून खिशात घरी आली म्हणून ते एकदा बसने परत गेले होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी या घरात केलेली एक वस्तू मात्र अशी होती की तिच्याबद्दल बाईंना कधी शंका आली नाही. देवघरातला झीरोचा लाल दिवा. तो संध्याकाळ झाली की आपला आपण लागे आणि पहाटे आपला आपण विझे. "आमच्या यांनी बसवला. ऑटोमॅटिक आहे," असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. बावीस वर्षांत दोनदा बल्ब बदलावा लागला, यंत्र कधी बिघडलं नाही.

असो. झटक्याची बातमी बंगळुरूला पोहोचली आणि वृंदा फोनवर ओरडली. "आई! पाट काय घेऊन बसलीस? आरसीसीबी बसवून घे आजच्या आज."

"ते काय असतं?"

"मेन बोर्डावर बसतं. घरात जेवढा करंट आला तेवढाच परत गेला का, ते बघत राहतं. जरा कमी परत गेला, म्हणजे कुठेतरी गळतोय, पाण्यातून, माणसातून. लगेच सगळी वीज तोडतं."

बाईंना ते फार पटलं. आलं किती, गेलं किती, यावर डोळ्यांत तेल घालून बसणारं घरात आणखी कुणीतरी असावं, ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

महिपाल मिस्त्री आला. त्याने आधी हीटर बाहेर काढला आणि त्याच्या काचेला पडलेली केसाएवढी चीर दाखवली. मासे निर्दोष सुटले. नवा हीटर आला. टाकीतून निघणाऱ्या वायरींना सॉकेटच्या खाली झोळ देऊन महिपाल म्हणाला, "माताजी, अब पानी तार पर चलेगा भी, तो यहीं नीचे टपकेगा, सॉकेट में नहीं जाएगा." मग बोर्डावर ती पांढरी डबी बसली. महिपालने तिचं टेस्टचं बटण दाबलं, घर गप्प झालं. खटका वर केला, घर बोलू लागलं. बाईंनी स्वतः चारदा दाबून पाहिलं. डबी चारही वेळा खरी बोलली.

त्याच संध्याकाळी पाच चाळीसला डबीचा खटका पडला.

फ्रिज, पंखा, पंप सगळं थांबलं. बाईंनी खटका वर केला. खट. परत खाली. टाकीच्या वायरी काढल्या, फ्रिजची काढली, मिक्सर तर कपाटातच होता तरी तो हलवून ठेवला. खट. रात्रभर घर अंधारात, आणि पहाटे सहा वाजता खटका सरळ वर राहिला, जसं काही घडलंच नाही.

महिपाल सकाळी आला. सकाळी डबी शहाण्यासारखी वागली. "माताजी, सब ठीक है." दुसऱ्या संध्याकाळी पाच चाळीस, खट. महिपाल पुन्हा सकाळी. "नमी होगी, माताजी." तिसऱ्या संध्याकाळी, खट. संध्याकाळी यायला महिपालला जमत नव्हतं, कारण संध्याकाळी तो नोएडाच्या एका कारखान्यात ड्युटीवर असे. म्हणजे डॉक्टर होता, रोगी होता, पण रोग डॉक्टरची ड्युटी बघून येत होता.

माशांची अवस्था कठीण झाली. पंप बंद म्हणजे पाण्यात हवा नाही, हीटर बंद म्हणजे नोव्हेंबरची दिल्ली. बाईंनी टाकीला शशिकांतरावांची काश्मिरी शाल गुंडाळली. हवेसाठी देवघरातलं तांब्याचं अभिषेकपात्र काढलं, दोरीने पडद्याच्या दांड्याला टांगलं, आणि खालच्या भोकातून माशांवर संततधार धरली. वरून पाणी पडलं की बुडबुडे येतात, एवढं विज्ञान त्यांना ठाऊक होतं. सवयीने तोंडात रुद्र आला.

"आई, तांब्याचं?" वृंदा फोनवर किंचाळली. "तांबं विष असतं त्यांना! काढ आधी!"

मग स्टीलच्या तांब्याने, पाटावर उभं राहून, हाताने. खांदे भरून आले. सहापैकी एक मासा कडेला जाऊन तिरका होऊ लागला. बाईंनी त्याला 'अंडर सेक्रेटरी' म्हणायला सुरुवात केली होती आणि आता तो मेला तर वृंदाला काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न होता. खरं म्हणजे तोही नव्हता. अंधारात त्या सहा जणांशी बोलायची त्यांना सवय झाली होती.

चौथ्या सकाळी महिपाल बोर्डासमोर बराच वेळ बसला. "माताजी, मेरी समझ में एक ही बात आती है. किसी और की लाइन आपकी लाइन में मिली हुई है. कोई शाम को कुछ चालू करता है, तब गिरता है."

"किसी और की?"

"हाँ जी. बाहर का करंट आपके घर में घूम रहा है. आप कहें तो पूरे घर से हटाकर सिर्फ़ मछली वाली लाइन पर लगा देता हूँ. झंझट ख़तम."

"बिल्कुल नहीं," बाई म्हणाल्या. "चोर पकडा जानेवाला है और तुम दरवाजा खोलके देते हो?"

वायर कुणाची कुठे मिसळली आहे, एवढंच तो बोलला होता. चोर हा शब्द बाईंचा. पण एकदा तो सापडल्यावर सगळं जागच्या जागी बसलं. स्टूल. जिन्यातला दिवा. दरवर्षीचा विरोध. त्या दुपारपासून बाई दाराच्या भिंगाला डोळा लावून बसल्या आणि वहीत वेळा टिपू लागल्या. 'पाच वीस. गु. दूध घेऊन वर. पाच पस्तीस. गु. यांचे दार बंद. पाच चाळीस. वीज गेली.' यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणत्या कोर्टात लागतो?

अर्ज घेऊन त्या सोसायटीचे सेक्रेटरी भटनागर यांच्याकडे गेल्या. भटनागरांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मैडम, 'चोरी' मत लिखिए. पुलिस का मामला बन जाएगा. 'अनधिकृत उपयोग' लिखिए."

"अनधिकृत लिखने से चोर को शरम आती है क्या?"

"और नाम मत लिखिए."

"नाम तो मैंने लिखा ही नहीं. सिर्फ 'सामने का फ्लॅट' लिखा है."

अर्ज तीन प्रतींत हवा होता. त्यावर शिक्का हवा होता, आणि शिक्का ज्या क्लार्कच्या कपाटात होता तो मंगळवारी आणि शुक्रवारी येई. सभेची नोटीस पंधरा दिवस आधी लागते असंही निघालं. बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत मासे मरतील, त्यांचं कलम कोणतं? भटनागरांनी नियमावली चाळली. माशांवर कलम नव्हतं. शेवटी 'तातडीची सभा' या नावाखाली रविवार ठरला. जागा मुजुमदारांचा हॉल, वेळ पाच, म्हणजे घटना सर्वांसमक्ष घडेल. महिपालने कारखान्यातून सुट्टी काढली. बाईंनी पोहे केले, कारण चोर पकडायचा असला तरी लोक घरी येणार होते.

रविवारी हॉल भरला. गुलाटी पती-पत्नी येऊन अगदी टाकीशेजारी बसले. गुलाटीबाई गाजराचा हलवा घेऊन आल्या होत्या. बाईंनी तो घेतला आणि न चाखता ओट्यावर ठेवला. जिन्याचा प्रश्न म्हणून म्हातारा चौकीदार खीमानंद यालाही बोलावलं होतं. तो दाराशी टोपी हातात घेऊन उभा.

"पाच चाळीसला बघा," बाईंनी जाहीर केलं, आणि सगळ्यांनी मनगटं वर केली.

पाच चाळीस झाले. घर लखलखीत. पंप बुडबुडे काढत होता. अंडर सेक्रेटरी तर आठवड्यात प्रथमच सरळ पोहत होता.

पाच पंचेचाळीस. पाच पन्नास. भटनागरांनी घसा साफ केला. भाडेकरीण बाईंनी दुसऱ्यांदा पोहे घेतले. बाहेर चांगलंच अंधारून आलं. आपल्याच घरात, आपल्याच पोह्यांवर, आपली अशी शोभा!

"देखा?" त्या शेवटी उसळून म्हणाल्या. "आज वो यहाँ बैठे हैं, तो बिजली नहीं गई! और क्या सबूत चाहिए?"

'वो' कोण हे सांगायची गरज उरली नाही. गुलाटींनी हातातली बशी अलगद खाली ठेवली. त्यांच्या बायकोचा चेहरा पडला. "भाभीजी," ती एवढंच म्हणाली, "बाईस साल..."

इतक्यात दाराशी खीमानंद दचकला. त्याची नजर देवघराकडे गेली होती. "अरे राम राम! बातों-बातों में भूल ही गया. अम्माजी के भगवान अँधेरे में बैठे हैं!" आणि टोपी डोक्यावर चढवून तो जिन्यावरून खाली पळाला.

काय झालं ते कुणाला कळलं नाही. खाली कुठेतरी मोठा खटका पडल्याचा आवाज आला. जिना उजळला. त्याच क्षणी देवघरातला लाल दिवा लुकलुकला, आणि खट! घर अंधारात. दिवाही गेला. दारातून जिन्यातल्या बल्बचा पिवळा पट्टा तेवढा फरशीवर पडला होता.

त्या पट्ट्यात महिपाल हळूहळू उभा राहिला. "माताजी," त्याने विचारलं, "ये भगवान वाली बत्ती किस स्विच से जलती है?"

"उसको स्विच नहीं है," बाई म्हणाल्या. "ऑटोमॅटिक..."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि त्यांनी तो स्वतः ऐकला, बावीस वर्षांत बहुधा पहिल्यांदा.

महिपाल बॅटरी घेऊन स्टुलावर चढला. देवघरामागून एक बारीक वायर भिंतीच्या कडेने जाऊन दाराच्या चौकटीतून बाहेर गेली होती. वर तीन वेळा रंग बसलेला. "आ रही है जीने से, जा रही है आपके घर की लाइन में. इसीलिए हिसाब नहीं मिलता डिब्बी को. जितना आता है, उससे ज़्यादा लौटता है."

वजनमापांच्या खात्यातला माणूस, बसने पेन्सिल परत करायला गेलेला. बाई मटकन पाटावर बसल्या. अंधार होता हे बरं होतं. चोर पकडायला सगळी सोसायटी बोलावली होती, आणि चोर वर फोटोत, हार घालून बसला होता.

"भटनागर साहेब," बाईंनी आवाज शक्य तितका सरळ ठेवला. "लिख लीजिए. चोर मिल गया. फ्लॅट नंबर..."

"एक मिनट," गुलाटी म्हणाले. "सीढ़ी मैंने पकड़ी थी, भाभीजी. तो मेरा नाम भी लिखना पड़ेगा."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ब्याण्णव साली फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा कुणाच्याच घरात मीटर नव्हते. वीज होती ती फक्त जिन्यात. आणि गणपती तोंडावर. मुजुमदारसाहेबांनी तेव्हाच्या सेक्रेटरीला रीतसर विचारून, दहा दिवसांपुरती, मखरासाठी जिन्यातून वायर घेतली. पुढे मीटर आले, मिस्त्रीने घाईत अर्धं इथे अर्धं तिथे जोडलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी साहेब पक्कड घेऊन वायर काढायला निघाले, गुलाटी शिडी धरून.

"तभी नीचे चौकीदार ने बत्ती जलाई. और यहाँ भगवान की बत्ती जल गई. आप रसोई से आईं, हाथ जोड़े, और बोलीं, ये अपने आप कैसे जला? आप लक्ष्मीबाई नगर छोड़कर यहाँ जमना पार आने को राज़ी नहीं थीं. चार महीने से किसी से सीधे मुँह बात नहीं की थी. उस दिन आप हँसीं. साहब ने मेरी तरफ़ देखा और प्लास जेब में रख लिया. बोले, गुलाटी, इसे रहने देते हैं. जीने के बल्ब आज से मेरे."

बाईंना आठवलं. जिन्यातले बल्ब हेच का आणतात, सोसायटी काय झोपलीय, म्हणून त्यांनी किती वेळा कटकट केली होती. आणि ते 'हो, हो' म्हणत स्टूल घेऊन बाहेर जात.

"जाने से पहले मुझे कह गए थे," गुलाटी म्हणाले. "मेरे बाद बल्ब तुम देखना. और वो आहट वाली लाइटें मत लगने देना. वो लगीं तो जब बिल्ली आएगी तब भगवान जलेंगे."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. त्यात बाईही होत्या, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावला होता.

जिन्यातून धापा टाकत खीमानंद वर आला. "जल गई, अम्माजी?" त्याने अंधारात डोकावून विचारलं. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी खालचा खटका दाबला की वर अम्माजींचा देव उजळतो, एवढंच त्याला ठाऊक होतं. म्हणून बावीस वर्षांत त्याने एक दिवस उशीर केला नव्हता. आजचा एवढा अपवाद.

महिपालने वायर कापली आणि देवघरात घरच्या विजेवर एक छोटा पांढरा स्विच बसवला. डबी वर राहिली. पंप सुरू झाला. भटनागरांनी विचारलं, अर्जाचं काय करायचं? अर्ज मागे घ्यायलाही अर्ज लागतो, तीन प्रतींत. गुलाटी म्हणाले, "लिखिए, फ़ॉल्ट ठीक कर दिया गया." तसंच लिहिलं गेलं. सगळे गेल्यावर बाईंनी ओट्यावरचा हलवा काढला आणि समोरचं दार वाजवलं. "साखर कमी आहे," त्या आत शिरत म्हणाल्या, "पण गाजरं चांगली आहेत." गुलाटीबाईंना मराठी येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी फक्त चमचे आणले.

दुसऱ्या दिवशीपासून स्विच दाबायचं काम बाईंकडे आलं. पण ते त्यांना कधी आठवत नसे. खालचा खटका दाबून खीमानंदच दोन जिने चढून वर येई आणि बेल वाजवी. "अम्माजी, टाइम हो गया."

वार्षिक सभा जानेवारीत झाली. चाहूल लागली की लागणाऱ्या दिव्यांचा ठराव नेहमीप्रमाणे आला. भटनागरांनी सवयीने गुलाटींकडे पाहिलं. गुलाटी खुर्चीत आरामात बसून होते. त्यांना आता विरोधाचं कारण नव्हतं. ठराव मंजूर होणार इतक्यात मागच्या रांगेतून चंद्रप्रभाबाई मुजुमदार उभ्या राहिल्या.

"मेरा विरोध लिख लीजिए."

"मैडम, कारण?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. तिथे खीमानंद टोपी हातात घेऊन उभा होता.

"ऑटोमॅटिक चीज़ों पर," त्या म्हणाल्या, "मेरा भरोसा नहीं."